आयरिशमधून मागितलेलं सूप

मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. पुण्यात वाढलेल्या मुलीला ही ॲलर्जी असणं म्हणजे काय, ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, उपासाला तर कूटच कूट. लहानपणी शेजारच्या काकूंनी प्रेमाने साबुदाण्याची खिचडी भरवली आणि माझे ओठ सुजले, श्वास अडकला. तेव्हापासून परक्या घरी पानावर बसायची भीतीच बसली. लग्नकार्यात मी आचाऱ्याला गाठून विचारायचे, तर तो म्हणायचा, "अहो ताई, अगदी नावाला टाकलंय."

ऑस्ट्रेलियात आल्यावर ही भीती पहिल्यांदा सैल झाली. इथे वेटर स्वतःहून ॲलर्जीचं विचारतो. मी "पीनट" म्हटलं की आत जाऊन खात्री करून येतो. मी टूवूंबा नावाच्या शहरातल्या हॉस्पिटलमध्ये लॅबला लागले आणि हळूहळू बाहेर निवांत जेवायला शिकले.

तिथेच मला मैत्रीण मिळाली. ती बाळंतपणाच्या वॉर्डात मिडवाइफ. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावातली. तिच्या घरी आयरिशच बोलतात. टूवूंबात बसचा भरवसा नाही, म्हणून शिफ्ट जुळली की आम्ही तिच्या गाडीने जायचो. वाटेत ती मला आयरिश शिकवायची. तिच्या भाषेत भूक लागत नाही, ती माणसाच्या अंगावर असते, हे ऐकून मला मजा वाटली होती. आणि 'हो', 'नाही' असे सुटे शब्दच नाहीत. 'आहे का' विचारलं तर 'आहे' म्हणायचं, नाहीतर 'नाही आहे'. आहे म्हणजे 'ता', नाही आहे म्हणजे 'नील'. आपणही 'आहे का'ला 'आहे' म्हणतोच, म्हणून मला सोपं गेलं.

दर महिन्यातल्या एका शनिवारी ती एका हॉलमध्ये आयरिश शिकणाऱ्यांना जमवायची. कोणीतरी सूप आणायचं, कोणी ब्रेड, कोणी केक. काउंटर मांडायचा आणि नियम एकच, की जे हवं ते आयरिशमधून मागायचं. इंग्रजी बंद.

"तू ये ना," ती म्हणाली. "नवीन कोणी आलं की सगळ्यांना हुरूप येतो."

"आणि माझ्या दाण्यांचं काय?"

"विचारायचं. मी शिकवते ना तुला."

तो आठवडाभर आम्ही गाडीत एकच वाक्य घोकलं. 'अन विल क्रोना आन?' यात नट्स आहेत का? ती म्हणाली, नट्स म्हटलं की त्यात सगळं आलं.

शनिवारी दुपारी छान ऊन होतं. मी जॅकेट तिच्या गाडीतच ठेवलं. ॲलर्जी उसळली तर टोचायचं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, 'पेन' म्हणतात त्याला, जॅकेटच्या खिशात होतं, हे हॉलच्या दारात लक्षात आलं, पण गाडी समोरच तर होती.

काउंटरवर ॲप्रन बांधलेले एक आजोबा उभे होते. जन्म इथलाच, पण पूर्वज आयर्लंडचे, म्हणून सत्तरी ओलांडल्यावर भाषा शिकायला बसलेले. त्यांनी चिकन आणि रताळ्याचं सूप करून आणलं होतं. माझी पाळी आली तशी मी ते वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं. कॉलेजच्या तोंडी परीक्षेतही इतकी घाबरले नव्हते.

"बा वाह लुम सूप," मी म्हणाले. मला सूप हवं. सूपचा आयरिश शब्द त्या क्षणी आठवेना. मग सगळा धीर गोळा करून विचारलं, "अन विल क्रोना आन?"

आजोबांनी कपाळाला आठ्या घातल्या. जरा विचार केला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "नील! नील!" त्यांनी ठासून सांगितलं आणि वाटी भरून हातात दिली.

मला समजलं होतं, त्यांना समजलं होतं. मी खूश होऊन एका कोपऱ्यात बसले. मैत्रीण पलीकडच्या टेबलावर गप्पांत होती.

चार-पाच चमचे झाले असतील. खालचा ओठ चुरचुरायला लागला. मी स्वतःला समजावलं, आलं असेल, मिरी असेल. मग तळहात खाजायला लागले. जीभ तोंडात मावेना. आणि मग ती एक विचित्र जाणीव आली, की आता आपल्यासोबत काहीतरी भयंकर होणार आहे. लहानपणी काकूंच्या स्वयंपाकघरात आली होती, तीच.

मी उठून काउंटरपाशी गेले. आज नवल वाटतं, पण तेव्हाही मी नियम पाळला. घसा आवळत होता आणि मी विचारत होते, "क्रोना? क्रोना?"

"नील!" आजोबा हसून म्हणाले. मला समजत नाहीये असं वाटून त्यांनी स्वतःचं मनगट पकडून दाखवलं, मग कोपराचं हाड ठोकून दाखवलं, आणि बोट हलवलं. हाडं नाहीत. सूपमध्ये हाडं नाहीत.

हाडांचा आयरिश शब्द 'क्राव्हा'. माझ्या 'क्रोना'त त्यांनी तो ऐकला होता.

मला इंग्रजीत 'पीनट' म्हणायचं होतं. रोज म्हणते तो शब्द. तो आलाच नाही. तोंडातून घोगऱ्या आवाजात निघालं, "दाणे! अहो, दाणे आहेत का यात?"

मैत्रिणीने वळून माझा चेहरा पाहिला आणि खुर्ची पाडून धावत आली. "पेन कुठाय?"

मी दाराकडे बोट दाखवलं. ती बाहेर पळाली. कोणीतरी मला जमिनीवर आडवं केलं, पाय खुर्चीवर ठेवले, ॲम्ब्युलन्सला फोन लावला. मी छताकडे बघत श्वास ओढत होते आणि प्रत्येक श्वास आधीच्यापेक्षा अरुंद होत होता. आईला हे फोनवर कोण सांगणार, एवढंच डोक्यात होतं. कानावर आजोबांचं इंग्रजी पडत होतं, "पीनट बटर घातलंय गं, दाटपणासाठी. ओ गॉड, पीनट बटर." मग मांडीत जीन्सवरूनच सुई घुसली. मैत्रीण माझा हात धरून माझ्याशी आयरिशमध्ये काहीतरी पुटपुटत होती. ती इंग्रजी विसरली होती.

थोड्या वेळाने घसा किंचित मोकळा झाला. पण इंजेक्शनमुळे मी अशी थरथरत होते, की दात एकमेकांवर आपटत होते.

आमच्याच हॉस्पिटलमध्ये नेलं. घेतलेलं रक्त माझ्याच लॅबमध्ये गेलं आणि ड्यूटीवरची सहकारी रिपोर्टवर माझं नाव बघून धावत वर आली. रिॲक्शन उलटून परत येऊ शकते, म्हणून थांबवून घेतलं होतं. ते थांबणं सगळ्यात वाईट होतं. दर आवंढ्याला मी घसा तपासायचे, आरशात जीभ बघायचे.

संध्याकाळी पडद्याबाहेर आजोबा येऊन उभे राहिले. ॲप्रन अजून अंगावरच.

"मला वाटलं, चिकन आहे म्हणून तू हाडांचं विचारतेयस," ते म्हणाले. मी त्यांना बसायला सांगितलं.

मैत्रीण रडून झाल्यावर म्हणाली, "क्रोना म्हणून शिकवायलाच नको होतं. आमच्याकडे शेंगदाणा नट नाहीच. त्याला जमिनीतला वाटाणा म्हणतात."

"आमच्याकडे जमिनीतला मूग," मी म्हणाले. "भुईमूग." आम्हाला दोघींना हसू आलं, पण मला हसताना खोकला आला आणि तिने घाबरून मला जीभ दाखवायला लावली.

आता त्या काउंटरवर ॲलर्जीचं इंग्रजीतच विचारतात. मैत्रिणीने नियमच बदलला. मी पुढच्या महिन्यात गेले, तिने आग्रह केला म्हणून नाही, गेले नसते तर पुन्हा कुठेच जेवले नसते म्हणून. दुधाशिवाय चहा मागितला, आयरिशमधून, आणि आजोबांनी तो माझ्यादेखत धुतलेल्या कपात ओतून दिला. तरी पहिला घोट घेण्याआधी मी कप कितीतरी वेळ नुसता हातात धरून बसले होते. अजूनही बसते.