डोंग्यातला वाटा

ते प्रकरण आठवले की आधी पाणीच डोळ्यांसमोर येते. नवेगाव बांधचा तलाव, हिवाळ्यातली सकाळ, धुक्यात काठ कुठे संपतो ते कळत नाही आणि आत कुठेतरी पाखरांचा कलकलाट चाललेला. फसवणुकीचे गुन्हे माझ्या हाताखालून पुष्कळ गेले. बहुतेक असे की दोषारोपपत्र लिहितानाच जांभई यावी. हा एक मात्र मला अजून स्वप्नासारखा आठवतो, कारण तो घडला तेव्हा सगळा परिसरच स्वप्नात होता.

मी मूळचा सोलापूरकडचा. गोंदिया जिल्ह्यात बदली झाली तेव्हा घरच्यांनी नकाशा काढून गाव शोधले होते. स्वाइन फ्लूच्या भीतीचे ते दिवस. बसमध्ये कोणी शिंकले की शेजारचा उठून उभा राही. नमुना नागपूरला जायचा आणि अहवाल येईपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागायचा. अशा वेळी गोंदियात एका माणसाने कार्यालय थाटले. थेंबभर नमुना पट्टीवर टाकायचा, विषाणू आहे की नाही ते बसल्या जागी कळणार, अशी पट्टी म्हणे एक कंपनी बनवत होती. तिचे शेअर बाजारात येण्याआधीच स्वस्तात मिळत होते. माहितीपत्रकात एक ओळ होती, 'परदेशी भागीदाराशी बोलणी अंतिम टप्प्यात'. भागीदार कोण, ते लिहिले नव्हते.

ते लोकांनी ठरवले. चहाच्या टपरीवर कोणी जपान म्हणे, कोणी जर्मनी. राइस मिलच्या ओट्यावर अमेरिका पक्की झाली होती. तिरोड्याच्या वीज प्रकल्पावर कोणी गोरा साहेब दिसला तरी तो पट्टीवालाच. बिरसीच्या धावपट्टीकडे विमान उतरताना दिसले की शेतातली माणसे धान कापायचे थांबून वर बघत आणि म्हणत, आले वाटते. माझ्या ठाण्यातला रायटर, म्हणजे लिखापढी करणारा हवालदार, शहाणा माणूस, तोसुद्धा मला विचारी की साहेब, खरे काय असेल? त्या दिवसांत लोक एकमेकांशी जरा गोड बोलत. आपल्या भागातून असे काही जगात जाणार आहे, याचाच आनंद मोठा होता. खोटे कशाला बोलू, तो आनंद बघायला मलाही आवडत असे.

मग कार्यालयाचे शटर बंद राहू लागले. बस स्टँडवरच्या पानठेलेवाल्याने मला खबर दिली की मच्छीमार संस्थेच्या लोकांनी एका ढिवराचा, म्हणजे त्यांच्यातल्याच एका मासेमाऱ्याचा, लाकडी डोंगा पाण्याबाहेर ओढून झाडाला साखळीने बांधला आहे, आज ना उद्या त्याला मारतील. मी जीप काढली. बांधावर पोचलो तेव्हा पन्नाशीचा एक हडकुळा माणूस आपल्याच डोंग्याला टेकून बसला होता आणि भोवती घोळका उभा होता. कोणी शिवीगाळही करत नव्हते. अशी गप्प गर्दी पोलिसाला जास्त भिववते. मी त्याला ठाण्यात आणले, म्हणजे खरे तर वाचवून आणले.

पाठोपाठ संस्थेचे अध्यक्ष फिर्याद द्यायला आले. संस्थेची सामाईक पुंजी त्यांनी सर्वांच्या संमतीने त्या शेअरमध्ये घातली होती. कशाच्या भरवशावर, असे विचारल्यावर त्यांनी डोंगेवाल्याकडे बोट दाखवले. मागच्या हिवाळ्यात दोन परदेशी पाहुणे याच्याच डोंग्यातून तलावात गेले होते आणि तिथे त्यांनी विषाणूची तपासणी केली होती. हा स्वतः सांगत फिरला की त्या कामात माझाही वाटा आहे. पुढे लोक गोंदियाच्या कार्यालयात गेले, तर भिंतीवर त्याच परदेशी पाहुण्यांचा फोटो, शेजारी हा. मग शंका कसली घ्यायची? फिर्याद दाखल झाली, कलम ४२० आणि ३४, म्हणजे संगनमताने फसवणूक. आरोपी एक कार्यालयवाला, दुसरा डोंगेवाला.

डोंगेवाल्याचा जबाब घ्यायला बसलो. पोलिसासमोर आरोपी नाही म्हणतो, ही जगरहाटी आहे. हा गडी हो म्हणत होता. भागीदार आहेस का? हो जी. कागद केला का? नाही जी. कार्यालयवाल्याने काही दिले का? नाही जी. मग भागीदार कसा, म्हणून मी आवाज चढवला, तर तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी त्याला सूर्य कुठून उगवतो ते विचारले. हवालदार कानाशी लागला, साहेब, कबूलच करून राहिला, अटक दाखवून टाका. अटक दाखवली असती तर त्याचा तलाव कायमचा सुटला असता. संस्थेतून नाव कमी, जाळे बंद. त्या माणसाला दुसरे काही येत नव्हते. बायको फाटकापाशी बसून होती आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारत होती, त्याले पाण्यावर जाऊ देतील ना?

मी अटक लांबवली आणि घटनास्थळाचा पंचनामा काढला. पाहुण्यांना कुठे नेले ते बघायचे होते. अध्यक्षांनी संस्थेचा डोंगा दिला, ती जागा ठाऊक असलेले दोघे वल्हवायला, मी आणि हवालदार बसलो. धुके होते. वल्ह्याचा आवाज तेवढा येत होता. मध्येच पाणकोंबड्यांचा थवा फडफडत उठला आणि पुन्हा सगळे निवांत झाले. मी कशासाठी आलो आहे तेच काही वेळ विसरलो. वल्हवणाऱ्यांनी जाता जाता आदल्या दिवशीचे जाळे उचलून घेतले, कारण रिकामे परतणे त्यांना पटत नसे.

काठावर येऊन मासळीचे वाटे पडू लागले. वल्हवणाऱ्यांचे दोन, जाळ्याचा एक, डोंग्याचा एक. मग अध्यक्षांनी आणखी दोन ढीग घातले, एक माझ्यासमोर, एक हवालदारासमोर. मी हात झटकले, असे घेता येत नाही म्हणालो. ते जरा चिडलेच.

"तुमी डोंग्यात बसले होते ना जी? मंग वाटा पडते. यात घ्यायचं-द्यायचं का आहे?"

मी तसाच उभा राहिलो. कोणी तो ढीग उचलेना आणि उचलणारही नव्हते. स्टेशन डायरीत मासळीची नोंद करावी का, यावर हवालदाराची आणि माझी नंतर गंभीर चर्चा झाली, ती असो. तिथे मात्र मी अध्यक्षांना विचारले, समजा डोंगा माझा असता आणि शिकार दुसऱ्याने केली असती, तर? डोंग्याचा वाटा सुटते का कधी, ते म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले. मागे झाडाला बांधलेल्या डोंग्याकडे त्यांची नजर गेली. ज्याच्यावर त्यांनी फिर्याद दिली होती, त्याला त्यांनीच माझ्यादेखत निर्दोष सोडले होते. तो खोटे बोलला नव्हता आणि ऐकणाऱ्यांनाही पुरावा मागावासा वाटला नव्हता, कारण सगळ्यांचा कायदा एकच होता, ज्याचा डोंगा त्याचा वाटा. ते तिथेच खाली बसले.

आता प्रश्न फोटोचा. ठाण्यात येऊन डोंगेवाल्याला विचारले, तर कळले की पाहुण्यांनी आठवण म्हणून तो त्याला पाठवला होता. कार्यालयवाला शेअर खपवायला गावात आला तेव्हा त्याला डोंगेवाल्याच्या घरी तो फोटो दिसला आणि फ्रेम करून देतो म्हणून तो घेऊन गेला. फोटोत काय होते, असे विचारल्यावर डोंगेवाल्याचा चेहरा पहिल्यांदा खुलला.

"पाखरू होतं ना जी. गोऱ्या बाईच्या मांडीवर बदक होतं. त्याच्या चोचीत कापूस फिरवून राहिली होती ते."

कार्यालयवाला रायपूरला नातेवाइकाकडे सापडला. गुळगुळीत माणूस. चौकशीत चहा मागून घेतला आणि म्हणाला, "साहब, मैंने कब कहा कि पार्टनर कौन है? लोग खुद बोलते थे, मैं तो चुप था।" यात खोटे काही नव्हते, म्हणून मी चडफडत होतो. चूप बसणे हा काही गुन्हा नाही. त्याला घेऊन कार्यालयात गेलो, पंच बोलावले, भिंतीवरची फ्रेम खाली काढली. फोटोत दोन परदेशी, शेजारी डोंगेवाला, सगळे छातीच्या वर तेवढे दिसणारे. हवालदाराने मागचे खिळे काढले. फोटो खालून दुमडून आत दाबलेला होता. घडी उलगडली आणि बदक बाहेर आले, पायात छोटे कडे घातलेले, अगदी ऐटीत. त्याच्याखाली, पाहुण्यांच्या पायाशी ठेवलेली पाटीही होती, पाहुणे वनखात्याच्या परवानगीने पाखरांमधला आजार तपासायला आल्याची. पंचांपैकी एकाला हसू आवरेना. कार्यालयवाल्याने मात्र इथेही मागून घेतलेला चहाचा कप खाली ठेवला. माणूस चूप राहू शकतो, पण घडी आपोआप पडत नाही. तिथून पुढचा तपास सरळ होता.

दोषारोपपत्रातून डोंगेवाल्याचे नाव वगळले आणि त्याला साक्षीदार केले. संस्थेला पुंजी पुरती परत मिळाली नाही, कोर्टात ती कधी पुरती मिळत नाही. या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच. ठग लोकांना स्वप्न विकतो असे आपण म्हणतो, पण स्वप्न लोकांचेच असते, चांगल्या मनाने एकमेकांना वाटलेले. ठग फक्त त्यातले पाखरू दुमडून ठेवतो. त्यानंतर फसलेल्या माणसाला मी मूर्ख म्हटले नाही आणि हाताखालच्यांनाही म्हणू दिले नाही.

डोंगेवाला सुटल्याचे सांगायला मी स्वतः बांधावर गेलो होतो. अध्यक्षांनी आपल्या हाताने साखळी काढली आणि चौघांनी डोंगा पाण्यात ढकलला. पट्टीच्या कंपनीशी त्या पाहुण्यांचा काही संबंध नव्हता, हे मी डोंगेवाल्याला समजावून सांगितले. त्याला वाईट वाटेल असे वाटले होते. त्याने थोडा विचार केला.

"ते जाऊ द्या जी. पन त्या पाखराले बिमारी होती का नोती? तेवढं तरी मले कळाले पायजे. डोंगा माहा होता."

मी ठाण्यात येऊन, पाटीवर नाव होते त्या, पाहुण्यांना पाठवणाऱ्या संस्थेला फोन लावला. दोन-तीन ठिकाणी फिरवाफिरव झाली, शेवटी एका बाईंनी नोंदी बघून सांगितले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम परत गेलो. बांधावर जाळी सुकत होती, वीसेक माणसे बसली होती. पाखरे सगळी निरोगी होती, एकातही विषाणू नव्हता, असे मी त्याला सांगितले. त्याने दोन्ही हात जोडून ते ऐकले. मग तो उठला आणि बसलेल्या एकेकापाशी जाऊन, कोणालाही न वगळता, वाटा घालावा तसे ज्याला त्याला वेगळे सांगू लागला की पाखरू चांगलं होतं.