धुरकऱ्याची ओळ

अन्याय झाला तो आमच्या शेजारच्या काकांवर. कधी, तेही सांगते. यंदाच्या सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनानंतर, साडेनऊच्या सुमारास, गावच्या व्यायामशाळेच्या भिंतीसमोर. मी तिथे होते. तेव्हा ‘असं काही झालंच नाही’ हे मला कोणी सांगू नये.

काका शंकरपटातले धुरकरी. तुम्ही पट पाहिला नसेल तर एवढं लक्षात ठेवा: हलक्या छकडीला दोन बैल जुंपतात, बैल धावपट्टीवर सुसाट सुटतात आणि त्या छकडीवर कासरा धरून एक माणूस असतो. तो धुरकरी. बैल मालकाचे, ढाल मालकाची, माईकवर नाव मालकाचं. धुरकऱ्याच्या वाट्याला तळहातावरचे कासऱ्याचे वळ.

काका कधी खुर्चीवर बसत नसत. लग्नघरी, ग्रामपंचायतीत, अल्लीपूरच्या बाजारात, कुठेही बघा, चवड्यांवर उकिडवे, टाचा अधांतरी. ‘बसा ना काका’ म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "मले बसाले येतच नाई."

काकू म्हणायच्या, "माह्या लग्नातबी असेच बसले होते. फोटो पाह्यजो. नवरदेव पळून जाच्या तयारीत दिसते."

"गेलो का पण?" काका विचारायचे.

"मी पदर बांधून ठेवलाता म्हणून!"

पटांवर बंदी होती त्या वर्षांत मी शाळेत होते. गावातल्या बाकीच्या धुरकऱ्यांनी नाद सोडला. काकांनी अंगणातल्या कडुनिंबाला कासरा बांधला, पायाखाली बाभळीचा गोल ओंडका घेतला आणि रोज सकाळी त्यावर चवड्यांनी तोल धरून ते कासरा ओढत राहिले. ओंडका घरंगळायचा, काका पडायचे, उठून पुन्हा चढायचे. रस्त्याने जाणारे विचारायचे, "काय हो, निंब कुठपर्यंत गेला?"

"तुह्यापेक्षा तं पुढंच हाय," काका मान न वळवता सांगायचे.

आता कबुली. मी आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं ते काकांच्या धंद्याविरुद्ध. बंदी उठली तेव्हा मी कॉलेजात होते. बैलांना काठीने, खिळ्याने टोचणाऱ्यांवर मी दोन्ही बाजूंनी भरून कागद लिहिला, आमच्या वस्तीतल्या वाचनालयात त्याच्या प्रती काढल्या आणि पहिली प्रत मुद्दाम काकांच्या हातात दिली. भांडायच्या तयारीनेच गेले होते. काकांनी एकेक अक्षर लावत तो कागद पूर्ण वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

"बराबर लिहिलं. ज्याले हाकलता येत नाई, त्यालेच काठी लागते."

माझी पुढची सगळी भाषणं वाया गेली. त्या हंगामात मी त्यांना पहिल्यांदा पट्टीवर पाहिलं. हातात काठी नव्हती. जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढायचे, आणि डाव्या बैलाने अंग बाहेर टाकायच्या आतच त्यांचं अख्खं शरीर उजवीकडे झुकलेलं असायचं. बैलाच्या आधी, हो! छकडी एका चाकावर यायची आणि हा माणूस तिला स्वतःच्या वजनाने खाली दाबून आणायचा. आठ-दहा सेकंदांत खेळ संपायचा. उतरल्यावर काकांच्या मांड्या थरथरत असायच्या, शर्ट पिळून काढावा असा. आणि हा माणूस म्हणे बसलेला असतो.

एकदा मी त्यांना मोबाइलवर मोटारींची शर्यत दाखवली. वळणावर वळणं, शेवटी चालक हेल्मेट काढून बाहेर येतो, घामाने निथळलेला. काका बराच वेळ पाहत राहिले.

"याची मान भल्ली दुखत असंल," म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"वळणात डोस्कं बाहेर फेकते ना. धरून ठेवा लागते." मग हसले. "यालेबी लोक म्हणत असतीन, गाडी पळते, हा बसते."

अगदी हेच म्हणतात लोक. आमच्या व्यायामशाळेचे अध्यक्ष, ज्यांना सारं गाव पैलवान म्हणतं, तेही.

व्यायामशाळेच्या भिंतीवर ‘आमच्या गावचे खेळाडू’ अशी यादी रंगवायचं ठरलं तेव्हा काकांचं नाव घालावं असा अर्ज मी दिला. पैलवानांनी मान हलवली. त्या हलवण्याला मी होकार समजले आणि काकांना सांगून बसले. ही चूक माझी.

सव्वीस जानेवारीला काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले. खुर्चीवर! तासभर, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेत नाव घातल्यासारखे. भिंतीवरचा पडदा सरकला. कबड्डीची पोरं, दोन कुस्तीगीर, धावण्यात तालुक्याला गेलेली एक मुलगी. आणि सर्वांत शेवटी, लाल रंगात: ‘बुलेट आणि बादल, शंकरपट विजेते’.

बैल! समितीने बैलांना खेळाडूंच्या यादीत घातलं होतं आणि त्यांच्या धुरकऱ्याला वगळलं होतं.

काका बोट हवेत फिरवत शेवटपर्यंत वाचत गेले आणि मोठ्याने हसले. "आपल्या बैलायचं नाव लागलं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांची नजर त्या ओळीच्या खाली गेली. एकदाच. खाली भिंत कोरी होती. मालकाच्या खांद्यावर शाल पडली, आणि काका खुर्चीवरून उतरून शेजारी चवड्यांवर बसले.

मी तिथेच पैलवानांना गाठलं.

"अवं पोरी, बैल पळते, हा बसते. खेळ कोनाचा?" पैलवान म्हणाले.

"मग मोटारीच्या शर्यतीतला चालक?"

"तिथंबी इंजिन पळते. घाम आला म्हंजे खेळाडू होते का? मंग भट्टीवरच्या हलवायालेबी घाला भिंतीवर."

"पैलवान, मी बसत नाई," खालून काकांचा आवाज आला. रागाचा नव्हता. चूक दुरुस्त करावी तसा.

"मग तुम्हीच हाका एकदा," मी पैलवानांना म्हटलं. "तेच बैल, तीच छकडी. बसायचंच तर आहे."

माणसं जमलेली. माघार कशी घेणार? पुढच्या रविवारी सरावाच्या पट्टीवर पैलवान छकडीवर चढले. दंड बघावे तर काकांच्या मांडीएवढे. बैल सुटले. अर्ध्या पट्टीपर्यंत पैलवान होते, पुढे नुसता कासरा त्यांना धरून होता. बुलेट-बादलना पाठीमागे कोण आहे ते कळलं असावं. त्यांनी शांतपणे पट्टी सोडली आणि त्यांचा कडबा ठेवला होता त्या बाभळीखाली जाऊन उभे राहिले. शेवटच्या रेषेवरचं घड्याळ आपलं पळतच राहिलं. बंद करायला रेषेपर्यंत कोणी आलंच नाही.

पैलवानांना चहा दिला तर कप धरता येईना. बोटं वळलेलीच. लोक हसायला लागले, मी सर्वांत मोठ्याने. काका मात्र उठले. त्यांनी बशीत चहा ओतला आणि बशी पैलवानांच्या तोंडाला लावली.

"बोटं एकदम उघडू नका. हळू. पयल्या वर्षी मले बायको जेवू घालत होती."

पैलवानांनी चहा संपवला. मग म्हणाले, "सालं, बसाले जागाच नाई त्याच्यावर."

"तेच तं सांगून राह्यलो," काका म्हणाले.

पैलवान आता आमच्या बाजूने आहेत. समिती नाही. ‘पुढच्या बैठकीत पाहू’ म्हणतात. दरम्यान काका-काकू रोहण्याला लेकीकडे राहायला गेले. गुडघ्यांनी जवाब दिला, छकडी सुटली. अंगणातल्या कडुनिंबाला कासऱ्याची खाच तेवढी उरली आहे, बोट जाईल इतकी खोल. मागच्या महिन्यात आले तेव्हा भिंतीसमोर उकिडवे बसून बैलांची नावं वाचत होते. खुशीत होते.

"काऊन एवढी चिडते वं? बैलायचं तं लागलं ना."

काकांचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. ते आधी त्या लाल ओळीखाली यायला हवं, त्यासाठी मी बैठकीला जाणार आहे. तुमचं काम वेगळं. पुढच्या पटाला जाल तेव्हा माईकवाल्यापुढे जाऊन उभे राहा. जोडी कोणाची ते तो सांगेलच. तुम्ही विचारा, हाकली कोणी? आणि नाव माईकवर ऐकू येईपर्यंत तिथून हलू नका.