बॉनेटखाली पान चालत नाही

मुलांनो, आमच्या रामनगरच्या, गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या तोंडात सदैव पान असतं, त्यामुळे ते आकाशाकडे बघत बोलतात. पण बॉनेटखाली वाकायचं तर पान थुंकावंच लागतं. त्यांनी चूळ भरली की आम्ही समजतो, काम सुरू झालं.

परवा तुमचे आजोबा चालवत असताना पुलावर आमच्या गाडीचं इंजिन तापून उकळलं. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या नळीचे जोड तडकले होते. तिथली जागा इतकी अरुंद, की दिसत काहीच नाही. बोलावल्यावर आलेल्या मिस्त्रींनी कोपरापर्यंत हात घालून, बोटांनी चाचपत नवे जोड बसवले. मनगट खरचटलं, पण घाई केली नाही.

तुमच्या आजोबांचा मोतीबिंदू पिकलाय. ते ऑपरेशन टाळतात आणि गाडीही सोडत नाहीत. मी मिस्त्रींना हळूच म्हटलं, "कह दीजिए, गाड़ी अब नहीं चलेगी."

"झूठ काहे बोलें, माताजी?" म्हणत ते सरळ आजोबांकडे गेले. "बाबूजी, गरमी का काँटा लाल पर था, आपको नज़र नहीं आया. गाड़ी हम ठीक कर दिए. आँख का ऑपरेशन आप करा लीजिए."

मला वाटलं, आता आजोबा भडकणार. त्यांनी किल्ली मिस्त्रींच्या हातात दिली.

"तो घर तक आप ही छोड़ दीजिए," म्हणाले, आणि मागच्या सीटवर माझ्याशेजारी येऊन बसले.