मोती का जेवत नव्हता

माझं शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाकडं आहे, त्याची माफी असावी. चौथीनंतर पेन धरला तो बहुतेक सहीपुरताच. पण हे विसरायच्या आत लिहून ठेवायचं आहे.

मोती तिसऱ्या दिवशीही जेवला नव्हता. डॉक्टरांनी त्याच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच जागेवर जायला हवी. गेली नाही. म्हणजे सलाइन लावूनही अंगातलं पाणी कमीच.

"मावशी, याच्या पोटात काहीतरी अडकलंय. एक्स-रेत सावली दिसते, पण नक्की सांगता येत नाही. उद्या सकाळी पोट उघडू."

मोतीचं वय बारा. बेशुद्धीचं इंजेक्शन त्याला झेपेल का, हे डॉक्टर बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. मला तोंड उघडायला जड जातं. कारंज्यातल्या या जनावरांच्या दवाखान्यात अकरा वर्षं झाली. झाडलोट आणि ॲडमिट कुत्र्यांचं खाणंपिणं माझ्याकडे आहे.

मोती सुरेखाताईंचा कुत्रा. त्यांचं कापडाचं दुकान आहे. मोतीला जुलाब लागले म्हणून त्याला ॲडमिट करून त्या मुलीच्या बाळंतपणाला नागपूरला गेल्या. जुलाब पहिल्याच दिवशी थांबले. दिवसभर सलाइन आणि संध्याकाळी ओपीडी उठली की दहीभात, असं डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं. मी सातला थाळी ठेवायची आणि धनजची, माझ्या गावची एसटी पकडायची. सकाळी उजाडायच्या आत येऊन बघावं तर थाळी तशीच, मग ती उचलायची.

त्या दिवशी पाचला मी मागच्या ओट्यावर भाकरी सोडली. मोती पिंजऱ्यातून बघत होता. तोंडातून लाळेची तार लोंबत होती! मी तशीच उठून आत गेले.

"सर, मोतीले भूक हाय जी. लाळ गळून राह्यली."

"मळमळलं तरी लाळ गळते, मावशी."

"मळमळनारं जनावर भाकरीकडे पाहून शेपूट हालवत नाई."

"मग रात्री का खात नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

रात्री! तो शब्द माझ्या डोक्यात अडकला. मी कधी करत नाही ते केलं. स्वतःहून सुरेखाताईंना फोन लावला.

"ताई, मोती घरी कवा जेवते?"

"कवा म्हंजे? आमच्यासंगं, दिवस बुडाच्या आंधी. आमी जैन. अंधार पडल्यावर घरात कोनी जेवत नाई. पिल्लू होता तवापासून त्याले तेच शिकवलं. लाइट लागल्यावर थाळीकडं गेला का सासूबाई कडाडत, 'मोत्या, आता नाई!' काहून वं?"

मी फोन तसाच हातात घेऊन पळाले. "सर, आपन त्याले लाइट लावून जेवू घालतो!"

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. सव्वापाच. थंडीचे दिवस, ऊन उतरत आलेलं.

"दोनच चमचे द्या. अडकलं असेल तर उलटून पडेल."

मी मोतीला मागच्या अंगणात आणलं. वाटी उन्हात ठेवली. त्यानं आभाळाकडे नाही, आधी माझ्याकडे पाहिलं, खाऊ का विचारल्यासारखं. "खाय बापा," मी म्हटलं. दोन चमचे गेले. वाटी चाटून झाली. मग माझा हात. अर्धा तास गेला, उलटी नाही. मला नाचावंसं वाटत होतं.

सकाळी आठला भरली थाळी संपली. ऑपरेशन रद्द. एक्स-रेतली सावली म्हणजे नुसता गॅस निघाला.

सुरेखाताईंनी ऑपरेशनचे पैसे आधीच मोबाइलवरून पाठवले होते. डॉक्टर म्हणाले, "सलाइनचे कापून बाकीचे पाठवतो."

"काहून कापता सर? तीन दिवस त्याले उपास तुमीच घडवला."

डॉक्टर हसले. आता ॲडमिट करताना आम्ही आधी जेवायची वेळ विचारतो आणि मग आजार. ताईंचे पैसे त्याच दिवशी पुरते परत गेले, सलाइनसकट.