टोमॅटोची कमान

मुळशीत पावसाळ्यात टोमॅटो येत नाहीत, हे मी लग्न झाल्यापासून बायकोला सांगत आलो, आणि ती लग्न झाल्यापासून ते लावत आली. तिचं माहेर सोलापूरकडचं. तिकडं ढग आला की लोक घराबाहेर येऊन बघतात, इकडं ऊन पडलं की बघतात. दरवर्षी जूनमध्ये ती रोपं लावायची, जुलैत ती काळी पडायची, आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत आमच्या घरात टोमॅटो या शब्दाची चोरी असायची. मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हा तिनं साडी मागितली नाही, सहल मागितली नाही. "पावसातनं वाचलेला एक टोमॅटो दाखवा मला," एवढंच म्हणाली.

निवृत्त मास्तराच्या हातात मोबाईल आला की घरच्यांनी सावध व्हावं. मी परदेशी व्हिडिओ बघायला लागलो. त्यात एक गोरा म्हातारा बर्फात उभा राहून लाकडाच्या पट्ट्या वाकवायचा, त्यांच्या कमानी रोवायचा, वर प्लास्टिक ताणायचा आणि आत टोमॅटो पिकवायचा. त्याला थंडी अडवायची होती, मला पाऊस. बाकी आमचं सगळं सारखं होतं, फक्त त्याची कमान चहा निवायच्या आत उभी राहायची.

आमच्याकडं लोखंडी पाइपांची पॉलिहाऊस आहेत, फुलवाले करतात. बायको म्हणाली, पाइपचंच करा, टिकेल. मी म्हणालो, लाकडात एक जिवंतपणा असतो. असली वाक्यं माणसाला नोकरीत असताना सुचत नाहीत.

लाकूड दिलं शेजारच्या मित्रानं. आम्ही एका वर्गात होतो, एकाच छडीचा मार खाल्लेला. पुढं मी मास्तर झालो आणि तो शेतकऱ्याचा घरमालक झाला. अर्धं रान बिल्डरला दिलं, गाईंचा गोठा पाडला आणि तिथं आयटीतल्या पोरांसाठी खोल्या बांधल्या. गोठ्याचे सागाचे वासे कुंपणाला टेकून पडले होते.

"घिऊन जा मास्तर," तो म्हणाला. "न्हाईतर ही भाडेकरू पोरं कोंबडी भाजायला जाळत्याल."

मिस्त्री मिळाला तो भुकूमच्या नव्या फ्लॅटांमधली स्वयंपाकघरं करून करून पार काटकोनात गेलेला. "सर, नव्वद अंशात काय बी सांगा, करून देतो," हे त्याचं पहिलं वाक्य. गोल म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा. वखारीतून वासे चिरून पातळ पट्ट्या आणल्या, पाण्याच्या टाकीत भिजत घातल्या, अंगणात अर्धगोलात खुंट्या ठोकल्या. एकावर एक तीन पट्ट्या, मध्ये गोंद, आणि खुंट्यांना धरून वाकवायचं, दोरानं आवळायचं, वाळू द्यायचं. व्हिडिओत हे फार शांतपणे होतं. आमची पहिली कमान सुटली ती थेट मिस्त्रीच्या गुडघ्यावर. दुसरी मधोमध मोडली. तिसरी उभी राहिली तेव्हा बायकोनं लांबून बघून सांगितलं, ती डावीकडं झुकलीय. मी म्हणालो, जमिनीलाच उतार आहे.

मित्र रोज चहाच्या वेळेला मागच्या दारानं यायचा, दोर ओढायचा आणि अक्कल शिकवायचा. मिस्त्रीला त्याची अक्कल आवडायची नाही, मला त्याचा दोर आवडायचा. असं करत करत सगळ्या कमानी उभ्या राहिल्या. पूर्वेला दार ठेवलं आणि पश्चिमेची बाजू फळ्या मारून बंद केली. मुळशीत पाऊस पश्चिमेकडून, घाटावरून येतो, आणि येतो तो आडवा. गावातल्या प्रत्येक गोठ्याची, प्रत्येक जुन्या घराची पाठ पश्चिमेलाच आहे. वर प्लास्टिकचा कागद ताणला, त्यावर उन्हासाठी शेडनेट टाकलं. दुकानात शेडनेट हिरवं होतं. मीही दुसरं मागितलं नाही.

तर गोल कमानी, हिरवा रंग, पश्चिमेला, म्हणजे मक्केच्या बाजूला, बंद भिंत, आणि फाटकावरच्या पाटीवर मुसलमानाचं आडनाव. आयुष्यभर पोरांना बेरीज शिकवली, पण ही बेरीज काही माझ्या डोक्यात आली नाही. वडिलांचं पौडच्या बाजारात चपलांचं दुकान होतं, आजोबांचंही होतं. त्याआधीचं मला माहीत नाही, कारण ते कुणी कधी विचारलंच नव्हतं.

पहिली चूक आमच्याच माणसानं केली. मेहुणा सोलापूरहून आला, फाटकातून कमानी बघितल्या, चपला बाहेर काढल्या, डोक्याला रुमाल बांधला आणि आत जाऊन उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी.

"दुल्हेभाई, उभा जन्म शाळा शाळा करण्यात घालवलात," तो म्हणाला. "पण शेवटी काम चांगलं केलंत. किती जण मावतील?"

"साठ," बायको मातीत हात घालून बसली होती, तिनं मान वर न करता सांगितलं. "दोन ओळीत. मधनं पाणी घालायला वाट सोडावी लागते."

मेहुणा जेवला, पण मनापासून जेवला नाही. जाताना म्हणाला, टोमॅटो काय बाजारातही मिळतात.

दुसरी चूक वरून झाली. आमच्या समोर पूर्वी टेकडी होती, आता सोसायटी आहे. तिथल्या कुणा जागरूक माणसानं आपल्या गॅलरीतून फोटो काढला, माझ्या कमानीभोवती लाल गोल काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "गावात हे काय उभं राहतंय? जागे व्हा." गोल मात्र छान जमला होता. आमच्या मिस्त्रीला दाखवायला हवा होता. फोटो त्या ग्रुपवरून मित्राच्या भाडेकरूंकडं आला, भाडेकरूंकडून गावात, आणि संध्याकाळपर्यंत मला सोडून सगळ्यांनी बघितला.

मग ग्रामपंचायतीचा सदस्य आला. हा माझा विद्यार्थी. वाकून नमस्कार केला, खुर्चीवर बसला नाही.

"सर, तुमच्यावर आमचा फुल विश्वास हाय," म्हणाला. "पण पब्लिकचं काय हाय..." आणि त्यानं मोबाईल काढून त्यातलं होकायंत्र उघडलं. याला चौथीत दिशा मीच शिकवल्या होत्या. उगवत्या सूर्याकडं तोंड करून उभं केलं की हा उजव्या हाताला पश्चिम सांगायचा. आता मात्र कमानीच्या मागं जाऊन, मोबाईल तळहातावर आडवा धरून, दोनदा फिरून आला.

"सर, भिंत बरोब्बर वेस्टला हाय."

"तुझ्या घराची पाठ कुठं आहे रे?"

"वेस्टलाच. पण त्ये घर हाय, सर."

मग तो उपाय सुचवायला लागला. हे बाकी त्याचं शाळेपासूनचं, गणित चुकलं तरी उत्तर तयार असायचं. जाळी दुसऱ्या रंगाची टाका. कमान जरा टोकदार करा.

"टोकदार केली तर चर्च म्हणतील," बायको आतून म्हणाली.

मग गोल काढून सरळ पत्रा टाका. पत्र्याखाली झाड जगत नाही, ऊन लागतं, हेही मीच त्याला शिकवलं होतं. शेवटी म्हणाला, एक बोर्ड लावा. 'ही भाजीपाल्याची शेड आहे.' खाली तुमची सही. आमच्या नाक्यावरच्या टपरीत दारू मिळते आणि वर 'जनरल स्टोअर्स' लिहिलंय. तिच्या बोर्डाखाली कुणाची सही नाही आणि तिला कुणी होकायंत्रही लावलेलं नाही. मी हे बोललो. तो हसला आणि म्हणाला, "सर, तुमी जोक लई भारी करता. पण ग्रामसभेआधी काय तरी करा. तिथं विषय निघाला तर माझ्या हातात ऱ्हाणार न्हाई. काढावं लागंल."

रोपं तोवर वीतभर झाली होती. पाऊस तोंडावर आला होता. खरं सांगायचं तर मी मनात बोर्डाचा मजकूर जुळवायला लागलो होतो. 'भाजीपाला' लिहावं की 'टोमॅटो', याचा विचार करत होतो. मास्तराला कागद-खडू दिसला की बरं वाटतं. बायकोनं माझ्या तोंडाकडं बघून ते ओळखलं.

"बोर्ड लावलात तर रोपं उपटून टाकीन," ती म्हणाली. "पावसानं मारली असती तर रडले असते. पण सही करून टोमॅटो पिकवायचे नाहीत मला."

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. फाटकात मित्र उभा, अंगात धुतलेला शर्ट. आमच्या घराला बेल आहे हे त्याला माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं. जन्मभर तो मागच्या दारानं, हाक न मारता आलेला. आता पुढच्या दारात चपला काढू की नको करत उभा होता.

"मास्तर, तुला राग यील," तो म्हणाला. "पण मला लोकं इचारत्यात, म्हणून इचारतो. तसलं काय न्हाई न्हवं?"

ज्यानं दोर ओढले, ज्यानं गोंद सांडला म्हणून मिस्त्रीला शिव्या घातल्या, ज्याच्या गाई या वाशांखाली उभ्या राहिल्या, तो हे विचारत होता. मला राग आला असता तर बरं झालं असतं. मला लाज वाटली, आणि ती कुणाची वाटली ते अजून कळलेलं नाही.

"चल, दाखवतो," मी म्हणालो.

तो आत आला. वाकून रोपं बघितली, एका पानाला हात लावला, हाताचा वास घेतला. पश्चिमेच्या फळ्यांकडं बघितलं, तिथं फावडं आणि खताची पोती टेकवलेली. आणि त्याचा चेहरा सैल झाला. त्यानं मोठा श्वास सोडला.

"मी सांगत हुतोच सगळ्यांस्नी," म्हणाला. "आमचा मास्तर तसला न्हाई."

तो प्रश्न मी कदाचित विसरलोही असतो. तो श्वास विसरता येत नाही. येताना त्याला खात्री नव्हती, एवढाच त्याचा अर्थ होता.

बायकोनं चहा दिला. "वैनी, तुमी काळजी करू नगा," त्यानं बशीत चहा ओतत सांगितलं. "बगतो कोन हात लावतंय." आणि शब्द पाळला. ग्रामसभेत विषय निघाला तेव्हा तो उठून ओरडला, "आरं माज्या गोठ्याचं लाकूड हाय त्ये! माज्या गाई काय नमाज पढत हुत्या व्हय?" सगळी सभा हसली. सदस्य हसला, ग्रामसेवक हसला. गाव हसलं की विषय मिटतो, ही आमच्याकडची जुनी सोय आहे. मित्रानं घरी येऊन मला ते साभिनय करून दाखवलं, मागच्या दारानं येऊन. मीही पोट धरून हसलो. वाक्य खरंच चांगलं होतं.

शेड राहिली. पाऊस आला, आडवा आला, फळ्यांवर आपटून गेला. जुलैत रोपं काळी पडली नाहीत. त्यांना फुलं आली, मग बोराएवढी हिरवी फळं. बायको दिवसातून किती वेळा आत जायची याची गणती नाही. एका फळावर लालसर झाक दिसली तेव्हा तिनं मला हाताला धरून नेलं, आणि पानं बाजूला सारून ते दाखवलं.

याच दिवसांत मला एक सवय लागली. सकाळी उठलो की मी शेडचं दार सताड उघडायचो. ते पूर्वेला, रस्त्याच्या बाजूला. जाणाऱ्या-येणाऱ्याला आतल्या दोन ओळी, काठ्या, टोमॅटो सरळ दिसायचे. बायकोनं दार लावलं की मी उघडायचो, काही तरी काम काढून. हवा खेळली पाहिजे, असं सांगायचो. ती लावायची. मी उघडायचो. मित्रानं मला हे सांगितलं नव्हतं, सदस्यानंही नाही. बोर्डही लागला नव्हता.

मग एका दुपारी शेळ्या आत शिरल्या. कुणाच्या ते कळलं नाही, पावसात रस्त्याला मोकाट फिरत होत्या. आम्ही धावलो तोवर एक पूर्ण ओळ खुडून खाल्ली होती, लालसर झाक असलेलं फळही. बायको चिखलात उभी राहिली. मला वाटलं, आता ओरडेल. तिनं मोडलेली एक फांदी उचलली आणि नुसतं विचारलं, "कुणाला दाखवायला उघडं ठेवता?"

"हवा..." मी म्हणालो.

"माझ्या बापानं जन्मभर टोमॅटो लावले," ती म्हणाली. "हवा मला शिकवू नका."

संध्याकाळी तिनं मिस्त्रीला बोलावून दाराला कडी बसवून घेतली. काटकोनातलं काम असल्यानं त्यानं ते सुरेख केलं. उरलेल्या ओळीला फळं लागली, आम्ही खाल्ली, मित्राच्या घरी दिली, सदस्याच्या आईलाही दिली. दार आता बंद असतं. रस्त्यावरच्यांनी काय समजायचं ते समजावं, असं मी बायकोला सांगतो. सांगतो खरं, पण एखादी गाडी आमच्या फाटकापाशी हळू झाली की मी हातातलं काम टाकतो आणि कडी काढायला निघतो.