झाकणावर कोरलेला पासवर्ड

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, चौथीनंतर वहीच हातात आली नाही, त्याबद्दल माफी असावी. बाकी कशाचीही माफी मी मागणार नाही.

अक्का गेल्याचं मला तिच्या गावाहून, लोणीहून आलेल्या जीपवाल्यानं सांगितलं. मी नारायणगावच्या मार्केटात टोमॅटो निवडत होते. "मावशी, तुमची थोरली बहीण गेली सकाळी," म्हणाला, आणि लगेच पुढच्या पॅसेंजरला हाका मारायला लागला. मला रडू आलं नाही, राग आला... आता भांडू कुणाशी?

अक्काचा मुलगा अनिल मस्कतला कामाला. घरावर स्लॅब टाकायचा म्हणून तो पैसे पाठवायचा. सुट्टीवर आला तेव्हा त्यानं बँकेचं इंटरनेटवरचं खातं तिच्या नावानं चालू केलं आणि पासवर्ड करून खात्याच्या नंबरासकट चिठ्ठीवर लिहून दिला. "आई, नाव नको, जन्मसाल नको, घरातल्या कुणाला ओळखू येईल असं काही नको. म्हणून इंग्रजी अक्षरं न् आकडे मिसळलेत. पाठ झालं की ही चिठ्ठी फाडून टाक, कागदावर लिहून ठिवू नको."

"मंग कुठं लिहू, कपाळावर?" अक्का म्हणाली. तो हसला आणि निघून गेला. पासवर्ड हवा तेव्हा बदलता येतो, हे मात्र सांगायचं राहिलं. आम्हाला वाटलं, माणसाच्या नावासारखाच तो एकदा ठेवला की जन्मभराचा.

लग्नाकार्यात भांडी बदलू नयेत म्हणून आपण त्यांच्यावर नाव टाकतो. मीच म्हणाले, डब्याच्या झाकणावर टाकून घेऊ, भांडं काही हरवत नाही. भांड्याच्या दुकानातल्या शेठनी चिठ्ठी चष्म्याजवळ धरली. "ताई, हे पावणं कुठल्या देशाचं?" अक्का म्हणाली, "व्हणाऱ्या सुनंचं नाव हाय." शेठनी वर खात्याचा नंबर आणि खाली पासवर्ड कोरून दिला. स्टँडपर्यंत आम्ही हसत होतो.

मग महिन्यातून एकदा ती ते झाकण पिशवीत घालून नारायणगावला यायची. इंटरनेटच्या दुकानात मालकाला म्हणायची, "राव, तोंड तिकडं करा." झाकणावरच्या आकारावर एक बोट आणि तसंच बटण शोधायला दुसरं बोट. अर्धा तास लागायचा, पण कुणाला हात लावू द्यायची नाही. पैसे दिसले की माझ्याकडे येऊन चहा प्यायची.

चौदा एप्रिलच्या जयंतीला तिनं लाडू केले आणि दिराच्या घरी त्याच डब्यातून पाठवले. घट्ट झाकणाचा तोच एक होता. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून जावेला काही करून घालायला सवड मिळेपर्यंत तो चार दिवस तिकडेच राहिला. दिराचा बाळू मंचरला कॉम्प्युटरच्या क्लासला जायचा.

पुढच्या महिन्यात खात्यात काहीच नव्हतं. अनिल फोनवर विचारायला लागला, "आई, कुणाला दिलेस?" बँकेचा कागद काढायचं कुणाला सुचलं नाही. जाऊ नळावर चारचौघींत म्हणाली, "धाकट्या बहिणीच्या घरात नवा टीव्ही आला, त्यो काय चालत आला?" टीव्ही आमच्या कांद्याच्या पैशांचा होता. हे कानावर आलं तरी लोणीला जाऊन मी ते कुणाला सांगितलं नाही. मला चार माणसांत बोलता येत नाही.

मग एक दिवस अक्का आली, पण उंबऱ्यातच थांबली. "त्यो नंबर तुला न् मलाच ठावं व्हता. खरं सांग, तू तर न्हाई ना घेतलं?"

त्यानंतर ती आठ महिने आली नाही. अनिल सुट्टीवर आल्यावर त्यानं बँकेतून कागद काढला. पैसे बाळूच्या खात्यात गेले होते. बाळू सगळ्यांसमोर म्हणाला, "काकी, मी काय कुलूप फोडलं न्हाई. तुमीच लिहून धाडलं व्हतं." आणि दीर हसला. घरातलं घरात मिटवू म्हणाले. बाळूनं हप्त्यानं फेडायचं ठरलं. मला कुणी बोलावलंसुद्धा नाही.

अक्का आली. म्हणाली, "मला तसं म्हणायचं नव्हतं गं." मी टोपलीतली मेथी निवडत राहिले. चहा ठेवला नाही. ती थोडा वेळ बसली, मग जीप सुटेल म्हणून उठली. ती शेवटची भेट.

अक्काच्या जलदान विधीला तिचा दीर माइकवर बोलला, वहिनी भोळी होती. भोळी कशी? एबीसीडी न येणारी बाई अक्षर न् अक्षर जुळवून स्वतःचं खातं उघडत होती. हे उठून सांगायला हवं होतं. मी बायकांच्या मागे बसून राहिले. बाळू पाणी वाटत होता, मी त्याच्या हातचं घेतलं नाही, एवढंच काय ते केलं.

काल अनिलचा फोन आला. "मावशी, बाळूनं शेवटचा हप्ता भरला. सगळे पैसे फिटले. आता कुणाचं काही राहिलं नाही."

मी बरं म्हणाले.