तीन मापं पीठ

माझी धाकटी नणंद चौतीस वर्षं पावाच्या कारखान्यात भट्टीसमोर उभी होती. स्वभावही त्याच तापमानाचा. त्यामुळे घरात लहानथोर सगळे तिला भट्टीआत्या म्हणतात. लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "पहाटेच्या पाळीला जाणारी बायको कुणाला हवी असते?" शिक्षण सातवीपर्यंत. माझं तिसरी. तेव्हा आमच्यात विदुषी तीच.

ती अठ्ठावन्न वर्षांची झाली आणि कारखान्याला टाळं लागलं. लोकांना वाटलं, आता ही बाई घरात बसून सगळ्यांना भाजून काढणार. महिनाभर काढलंही. मग एका दुपारी येऊन माझ्या ओट्याला टेकली आणि म्हणाली, "वहिनी, मी बायबलचा अभ्यास करायला कॉलेजात जाणार."

आमचे हे पेपरामागून बोलले, "चाळीस वर्षं दर रविवारी ऐकतेयस की. राहिलं काय आता?"

"ऐकलंय दादा. वाचलं कुठे?"

कॉलेजात मोठ्या माणसांसाठी आठवड्यातून दोन दुपारी वर्ग भरायचा. पण शाळा पुरी न झालेल्यांना ते चाचणीवर घेत. दोन निबंध लिहायचे. त्यातल्या एकात जरी पास झालं तरी पक्का प्रवेश. दोन्हीत नापास, तर राम राम. पुन्हा अर्ज करता येणार नाही.

पहिल्या निबंधासाठी आत्याने वहीची अठरा पानं भरली. चाळीस वर्षांत चर्चमध्ये जी जी प्रवचनं कानावर पडली होती ती सगळी तिने त्यात ओतली. दया, क्षमा, शेजारधर्म, व्यसनाचे दुष्परिणाम, काही म्हणून सोडलं नाही. मला वाचून दाखवलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. प्राध्यापिकाबाईंच्या डोळ्यांत आलं नाही. त्यांनी लाल शाईने खाली लिहिलं, 'हे प्रवचन आहे. तुम्हाला अर्थ आधीच माहीत आहे, म्हणून तुम्ही ओळ वाचलीच नाही.' नापास.

आत्या दोन दिवस आमच्याकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी वही घेऊन आली.

"बाई खडूस आहे," ती म्हणाली.

"असणारच. मास्तरीण आहे."

"खडूस आहे, पण खोटं नाही बोलली. मी ओळ खरंच वाचली नव्हती गं."

दुसऱ्या निबंधाला येशूने सांगितलेला एका बाईचा दाखला, म्हणजे बोधकथा, दिला होता. गोष्ट एवढीशी, एका वाक्यात संपते. देवाचं राज्य कशासारखं? तर एका बाईने खमीर घेतलं, तीन मापं पिठात लपवलं, आणि सगळं पीठ फुगून आलं. झालं. पुढे ना मागे काही. मी म्हटलं, बरं झालं, हिच्या धंद्यातलं आलं.

पण आत्याची गाडी 'तीन मापं' या शब्दांवर अडली. कॉलेजच्या वाचनालयात जाड कोश असतात, त्यात जुन्या मापांचे हिशोब दिलेले असतात. तीन मापं म्हणजे जवळपास चाळीस लिटरचा डबा भरेल इतकं पीठ. काही विद्वान थोडं कमी सांगतात, पण फार कमी नाही. आत्याने आपल्या हिशोबाने वजन काढलं, बावीस किलो. आणि या दाखल्यावर प्राध्यापिकाबाईंचं स्वतःचं छापील पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं की हे घरातल्या साध्या बाईचं रोजचं साधं काम आहे.

"रोजचं?" आत्या माझ्या स्वयंपाकघरात ओरडली. "बावीस किलो रोज? वहिनी, कारखान्यात यंत्र बिघडलं की एवढं पीठ आम्ही दोघी मिळून मळायचो, आणि दुसऱ्या दिवशी दोघींचेही हात वर होत नसत!"

"मग लिही की तसं."

"लिहिण्याआधी करून बघायला हवं. पुन्हा म्हणतील, आधीच माहीत होतं."

अशा रीतीने माझं कपडे भिजवायचं मोठं टप, जे मी चारच दिवसांपूर्वी नवंकोरं आणलं होतं, ते अभ्यासाच्या कामी आलं. पीठ आलं. आत्याने आदल्या दिवशीच्या आंबलेल्या पिठाचा गोळा आणला. भट्टी गेली तरी तो तिने घरी बरणीत जिवंत ठेवला होता, रोज थोडं पीठ-पाणी घालून. लोक मांजर पाळतात, ही खमीर पाळते. गोळा मधोमध ठेवला, वरून पीठ ओढलं, आणि बाह्या वर करून बसली. मी घड्याळ बघायला. ह्यांचं काम नुसतं बोलायचं.

"आपल्या लग्नात तरी एवढं पीठ आलं होतं का गं?"

"तुमच्या बापाने आणू दिलं असतं तर ना!" मी म्हटलं.

तास उलटला. आत्याचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. मी हात घालायला गेले तर ओरडली, "हात लावू नकोस! गोष्टीत एकच बाई आहे!" शेवटी मळून झालं, वर पाट ठेवला, आणि ती तिथेच फरशीवर आडवी झाली. दुपारपर्यंत पिठाने पाट उचलला. मग टपाच्या काठावरून बाहेर डोकावलं. मग सरळ चालायलाच लागलं.

आता खरी गंमत. माझ्या ओव्हनमध्ये एका वेळी दोनच पाव बसतात. पीठ होतं चाळीस-पंचेचाळीस पावांचं. ह्यांनी बोटं मोजून सांगितलं, परवा सकाळपर्यंत संपेल. पीठ परवापर्यंत थांबणार नव्हतं. मग आम्ही गोळे करून इमारतीत वाटले. तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत ज्याच्या ज्याच्या घरी ओव्हन होता त्याने पेटवला. शिंपीणबाई आली, टपालवाला आला, वरच्या मजल्यावरची, जी माझ्याशी दोन वर्षं बोलत नव्हती, तीही ताट घेऊन आली आणि म्हणाली, "अजून गोळे द्यायचेत का?" संध्याकाळी जिन्यात बसून सगळ्यांनी खाल्लं आणि तरी उरले.

आत्या जिन्याच्या पायरीवर बसून नुसती बघत होती. मग हळूच म्हणाली, "वहिनी, हे एका घराचं पीठच नव्हे. हे मळणाऱ्या बाईला ठाऊक असणार की गाव जेवायला येणार आहे."

निबंध सहाच पानी झाला. सोबत एक पाव फडक्यात गुंडाळून ती बाईंकडे घेऊन गेली. बाईंनी तुकडा मोडून खाल्ला, चांगला आहे म्हणाल्या, आणि निबंध परत दिला.

"हे तुमच्या पिठाबद्दल झालं. ज्या लोकांनी ती गोष्ट पहिल्यांदा ऐकली, त्यांना 'तीन मापं' म्हटल्यावर काय आठवलं असेल? आठ दिवस देते. शोधा, आणि वर्गासमोर येऊन सांगा."

आठ दिवस आत्या वाचनालयात ठाण मांडून होती. तिथे एक शब्दसूची असते, कुठला शब्द बायबलात कुठे कुठे आलाय ते सांगणारी. बोट ठेवून ओळीमागून ओळ. सहाव्या दिवशी धापा टाकत माझ्याकडे आली.

"सापडलं! बायबलच्या पहिल्याच पुस्तकात! म्हातारा नवरा, म्हातारी बायको. दारात तीन अनोळखी पाहुणे येतात. तर म्हातारा आत पळत जाऊन बायकोला सांगतो, लवकर तीन मापं पीठ घे, मळ, भाकरी कर!"

"पाहुणे तीन आणि पीठ तीन मापं?" मी म्हटलं. "पुरुषांना अंदाज तेव्हापासूनच नाही."

ह्यांनी पेपर जरा वर उचलला.

वर्गात जायच्या दिवशी तिने मला सोबत नेलं. मी मागच्या बाकावर, पर्स मांडीवर घेऊन. समोर पंधरा-वीस माणसं, बहुतेक माझ्या मुलांच्या वयाची. आत्या फळ्याजवळ उभी राहिली. आवाज कारखान्यातलाच. माप सांगितलं, पीठ सांगितलं, म्हातारीची गोष्ट सांगितली. म्हणाली, ऐकणाऱ्यांना हे माप ऐकून रोजची चूल आठवली नसेल, दारात आलेले पाहुणे आठवले असतील.

बाई म्हणाल्या, "म्हणजे माझं पुस्तक चुकलं?"

मी पर्स खांद्याला अडकवली, म्हटलं, आता निघावं लागणार.

"चुकलं असं नाही बाई," आत्या म्हणाली. "तुम्ही कधी मळलं नाहीत, एवढंच."

कुणीतरी फिसकन हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढचा प्रश्न टाकला. "बायबलात इतर ठिकाणी खमीर बऱ्याचदा वाईट गोष्टीसाठी येतं. मग इथे ते चांगलं कशावरून? आणि तिने ते लपवलं, असं का म्हटलंय?"

मला वाटलं, आता ही प्रवचनात शिरणार. उत्तरं तिच्याकडे चाळीस वर्षांची साठलेली होती. तिने तोंड उघडलंही. मग मिटलं. हातातल्या पानाकडे बघितलं, ती एक ओळ पुन्हा वाचली, ओठ हलवत.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "पिठात घातलेलं खमीर दिसत नाही, हे मी सांगू शकते. पण लिहिणाऱ्याच्या मनात तेच होतं का, ते ओळीत नाही. शोधावं लागेल."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पहिल्या निबंधात तुम्हाला सगळं माहीत होतं," त्या म्हणाल्या. "बसा. पास."

आत्या बसली नाही. "बाई, शोधायचं तर कुठून सुरुवात करू?"

"ग्रीकपासून. ज्या भाषेत ती ओळ लिहिलीय ती भाषा. अवघड आहे हं."

"असू दे."

परत येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि रस्ताभर दुकानांच्या पाट्या ओठ हलवत वाचत आली. इतकी वर्षं ओळखते मी तिला, असं कधी झालं नव्हतं. उतरल्यावर सगळ्यात आधी कागद-पेन्सिलीच्या दुकानात शिरली.

आता माझ्या फ्रिजच्या दारावर ग्रीकची चोवीस अक्षरं चिकटवली आहेत. तिच्या घरात जागा कमी पडते म्हणे. ती रोज येऊन मोठ्याने घोकते, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता माझ्याही कानावर पडतात. तिची सगळी पाठ झाली. माझी सातव्यापर्यंत आलीत. हे अजून दुसऱ्यावरच अडलेत, पण रोज सकाळी चहा घेताना न चुकता विचारतात, "पुढचं कुठलं गं?"